अम्माच्या ओव्या आणि मदतकेंद्र

आमच्या घरात बोलणं दखनीतलं. पण जात्याचा खुंटा हातात आला की अम्माच्या तोंडी मराठीच यायची. तिचं माहेर माण तालुक्यातलं. शेजारपाजारच्या बायांबरोबर दळता दळता ती ओव्या शिकली. त्यांत पीरसाहेबांचा उरूस होता, पंढरीची वाट होती, आणि सगळ्यांत जास्त होता तो भाऊ. 2003 साली मी हप्त्यांवर कॉम्प्युटर घेतला तो या ओव्या उतरवून घ्यायलाच. संध्याकाळी ती बाजेवर बसून सांगायची आणि मी एका बोटानं टाइप करायचो. 214 ओव्या झाल्या. 2005 मध्ये अम्मा गेली.

2007 च्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी, बस्स.

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. आधी वाजंत्री, मग हे दाबा, ते दाबा. मराठीसाठी वेगळा आकडा होता, तोच दाबला. पलीकडची मुलगी छान मराठीत म्हणाली, "नमस्कार सर, आपलं नाव?" मी नाव सांगितलं. क्षणभर थांबून ती म्हणाली, "जी, बताइए, क्या प्रॉब्लेम है?" मी मराठीत सांगत राहिलो, ती हिंदीत विचारत राहिली. आतल्या फायली मराठीत आहेत म्हटल्यावर तिनं विचारलं, "मतलब, उर्दू का फॉन्ट डाला था क्या?"

तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवत आलो होतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, हे तिला सांगावंसं वाटलं. पण फोनचं बिल माझं होतं! आणि खरं सांगायचं तर तिच्या आवाजात तुसडेपणा नव्हता. माझी सोय व्हावी म्हणूनच ती भाषा बदलत होती. तेच जास्त लागलं. मी म्हटलं, "मराठी, बेटा. देवनागरी." "ओके सर," ती म्हणाली आणि तिनं तक्रारीचा नंबर दिला.

दहा दिवसांत असे सहा नंबर जमले. दर वेळी आवाज नवा आणि माझं आख्यान पहिल्यापासून.

अकराव्या दिवशी इंजिनिअर आला. पोरगेलासा, घाईत. "काका, फॉरमॅट मारावं लागेल."

"आणि माझ्या ओव्या?"

"डी ड्राइव्हला असतील तर राहतील."

डी कुठला आणि सी कुठला, मला काय ठाऊक? जे लिहिलं ते 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये, आणि ते होतं सी ड्राइव्हवर. मी तसं सांगेपर्यंत त्यानं बटण दाबलंही होतं. अर्ध्या तासात मशीन नवंकोरं झालं. आत काही नव्हतं.

भाच्यानं कधीतरी पेन ड्राइव्हवर एक प्रत घेतली होती, हे माझं नशीब. ती उघडली तर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि चिन्हं यांची खिचडी. मदतकेंद्र म्हणालं, फाइल करप्ट झाली. झाली नव्हती. त्या काळातल्या बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडणार. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य तक्त्याला स्वतःच्या 128 जागा आहेत, तिथं हा घोळ होत नाही. पण विंडोज एक्सपीमध्ये तीही सोय आधी सीडी घालून चालू करून घ्यावी लागे. हे मला मदतकेंद्रानं नाही, कोर्टासमोरच्या एका डीटीपीवाल्यानं समजावलं. "तोच फॉन्ट पुन्हा टाका सर, सगळं जसंच्या तसं दिसेल," तो म्हणाला.

फॉन्ट मागायला पुन्हा फोन, पुन्हा आख्यान. तोच मुलगा आला. "तो जुना फॉन्ट आता आमच्याकडे नाही काका, युनिकोडमध्ये बदलून देतो." पाच मिनिटांत अम्मा पडद्यावर! मला भरून आलं. नको नको म्हणत असताना मी त्याच्या खिशात शंभराची नोट घातली.

तो गेल्यावर वाचायला बसलो. रफार कुठेच नव्हता, अर्धा र नव्हता. 'सूर्य'चा 'सूय' झालेला, 'कोऱ्या'चा 'कोया'. मूळ फाइल पुन्हा बघावी म्हटलं, तर त्यानं बदललेली फाइल त्याच नावानं, त्याच पेन ड्राइव्हवर, मूळ फाइलीवरच सेव्ह केली होती. फोन केला. "सर, मराठी दिसतंय ना? मग कंप्लेंट क्लोज करते." आणि क्लोज केली.

दिवाळीची सारी सुट्टी रफार आणि अर्धे र बसवण्यात गेली. बहुतेक शब्द अंदाजानं, काही आठवून लागले. एक ओवी तेवढी अडली. तीत भाऊ 'दयात' गेलाय आणि बहीण वाट बघते आहे. हे दऱ्यात की दर्यात? गावामागे दरा आहे, मामू लहानपणी तिथं शेळ्या चारायचे. पण हेच मामू पुढे मुंबईला गोदीत कामाला गेले, ते दोन-दोन वर्षं यायचे नाहीत. अम्मानं समुद्र कधी पाहिला नव्हता. दर्या हा शब्द मात्र तिच्या बोलण्यात असायचा. टाइप करताना मी तिला विचारलं होतं का, आठवत नाही. आता मामूही नाहीत.

हल्ली मोबाइलवर दोन्ही शब्द सहज उमटतात. ती ओवी मी वहीत दोनदा लिहून ठेवली आहे.