मागं डोंगर हाय का?

व्हिडिओ कॉलवर मी आजीला घर दाखवत होते. लीड्सच्या हॉर्सफर्थ भागातलं, दोन बेडरूमचं. एजंट दारात घड्याळ बघत उभा होता. किचन झालं, बाथरूम झालं, मागची छोटी बाग झाली. तिकडे कुडपणला चुलतभाऊ रेंज मिळते त्या दगडावर फोन धरून उभा होता आणि आजी डोळे बारीक करून बघत होती. सगळं बघून झाल्यावर तिने एकच विचारलं, "मागं डोंगर हाय का गं?"

मी हसले. भाडं, स्टेशन, शाळा यातलं काही नाही, थेट डोंगर.

मी नर्स आहे. लीड्सला आले ती हॉस्पिटलजवळच्या एका शेअरिंगच्या खोलीत. 2023 च्या सप्टेंबरमध्ये नवरा आणि चार वर्षांची मुलगी येणार होते, त्याआधी घर शोधायचं होतं. हातात दोन महिने. मग मी आपल्या पिढीची माणसं करतात तेच केलं, एक्सेल शीट बनवली. 14 ओळी, प्रत्येक ओळीत एक भाग. कॉलम असे: भाडं, हॉस्पिटलपर्यंतचा वेळ, काउन्सिल टॅक्सचा बँड, शाळा, गुन्हे, पूर.

इथे हे सगळं घरबसल्या कळतं. पोस्टकोड टाकला की पोलिसांच्या वेबसाइटवर त्या गल्लीत कुठल्या महिन्यात काय गुन्हे घडले ते दिसतं. दुसऱ्या सरकारी पानावर नदीच्या पुराचा धोका किती ते दिसतं. कर्कस्टॉलचं घर मी तिथेच खोडलं. 2015 च्या नाताळात एअर नदीचं पाणी कर्कस्टॉल रोडवर आलं होतं. महाडला सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलेलं पाहिलेल्या माणसाला यापुढे वाचायची गरज नसते.

मैत्रीण म्हणाली, मँचेस्टरला ये. तिथे 1992 पासून ट्राम आहे, डिड्सबरीला राहा, लेव्हनशुम त्यातल्या त्यात स्वस्त. पण माझी नोकरी लीड्सला आणि लीड्सला ना ट्राम, ना मेट्रो. बस चुकली की चुकली. राउंडहेचं पार्क मस्त, भाडं ऐकून परत आले. हेडिंग्लेला खूप विद्यार्थी. बाबांना मात्र तेच पाहिजे होतं, कारण 2002 मध्ये तिथेच द्रविड, सचिन आणि गांगुली या तिघांनी एकाच डावात शतकं ठोकली होती. मॅचच्या दिवशी गॅलरीतून दिसेल का, असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

इथल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी यादी टाकली. पाच मिनिटांत उत्तरं आली. हॉर्सफर्थ बेस्ट. चॅपल अॅलर्टन पण चांगलं. आणि हेअरहिल्स? "तिथे नको." का नको? बराच वेळ कोणी टाइप करत होतं. मग आलं, "तिथे आपलेच लोक जास्त आहेत ना."

मी फोन उलटा ठेवला. मी दिव्याला वाढले. कॉलेजात पत्ता सांगितला की समोरचा "अच्छा, दिवा" म्हणायचा, आणि त्या "अच्छा"मध्ये काय असतं ते दिव्याच्या कुठल्याही मुलीला विचारा. तोच "अच्छा" आता मी 14 ओळींच्या शीटमध्ये रंग देऊन भरत होते. हिरवा, पिवळा, लाल.

आमच्या घरात राहायची जागा याआधी कोणी निवडलीच नव्हती. आजोबा कुडपणहून लालबागला गिरणीत आले ते थेट गावकीच्या खोलीवर. पाळीप्रमाणे झोपायचं, एकजण कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. 'चांगला एरिया' म्हणजे जिथे आपल्या गावचा माणूस आधी पोचलाय तो. 1982 चा संप झाला आणि ते गावी परतले. बाबा दिव्याला गेले कारण तेवढंच परवडत होतं. आणि आजी लग्न होऊन कुडपणला आली तेव्हा तिला कोण विचारणार होतं?

कुडपण पोलादपूर तालुक्यात, पार वर, सह्याद्रीच्या कुशीत. पावसाळ्यात भीमाची काठी बघायला पर्यटक येतात, रील करतात, "इथेच राहावंसं वाटतं" असं लिहितात. आमचं घर वाडीच्या वरच्या टोकाला आहे. मागे डोंगर आहे.

22 जुलै 2021. महाडच्या तळियेवर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी आमच्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही आली. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते झालं होतं, त्याच गोष्टी पुन्हा ऐकू येत होत्या. मी तेव्हा मुंबईत ड्युटीवर होते. तीन दिवस कुडपणला फोन लागला नाही. चौथ्या दिवशी लागला आणि आजी म्हणाली, "गुरं हायत, आमी हाव. भात गेलं."

बाबा तिला दिव्याला घेऊन आले. ती अकरा दिवस राहिली. बाराव्या दिवशी पिशवी भरून दारात. "हितं दार लावलं की मानूस मेलं का हाय, कोन बगतंय?" बाबा चिडले, रडले, परत सोडून आले.

हॉर्सफर्थच्या कॉलनंतर त्या रात्री मी शीटमध्ये पंधरावी ओळ टाकली. कुडपण. भाडं शून्य. हॉस्पिटल लांब. गुन्हे, निरंक. धोका, लाल. शेवटी एक कॉलम रिकामा होता, त्याला काय नाव द्यावं कळेना. तो तिच्या ओळीत हिरवा झाला असता. माझ्या 14 ओळींत तो कसा भरायचा, ते कुठल्याच वेबसाइटवर नव्हतं.

म्हणून मी चालत गेले. नाइट ड्युटी संपवून सकाळी, हेअरहिल्सला. लाल विटांच्या रांगा, गिरणी-कारखान्यांच्या काळातली कामगारांची घरं. यातल्या बऱ्याच घरांना परसदार नसतं, मागची भिंतही दुसऱ्याच घराची असते. खिडक्या एकाच बाजूला. आणि गल्लीच्या या घरापासून त्या घरापर्यंत, रस्त्यावरून आडव्या दोऱ्या, त्यावर चादरी, सलवारी, शाळेचे युनिफॉर्म. लालबागची चाळ कुणीतरी आडवी पाडून ठेवल्यासारखी. एक बाई दोरीवरचे कपडे सरकवत म्हणाली, गाडी येतेय, बाजूला हो. त्या शहरात मला ओळख नसताना ओरडणारी ती पहिली बाई.

चढावरच्या टोकाचं घर घेतलं. हॉस्पिटल 12 मिनिटं चालत. इथे माझी क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं, ते नवऱ्याने पीएफ काढून भरलं. आजीला दाखवलं तेव्हा तिने तेच विचारलं. मी म्हटलं, "मागं डोंगर नाही. मागं दुसऱ्याचं घर आहे. भिंतीला भिंत."

"मग बरं हाय," ती म्हणाली.

मग मी म्हटलं, "आता तुझं." बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की दोन दिवस पाऊस हटला नाही तर ती माळावरच्या चुलतकाकांकडे झोपायला जाईल. गुरं घेऊन. गुरांशिवाय नाही.

2024 च्या जुलैत हेअरहिल्सला दंगल झाली. बस जाळली. आम्ही वरच्या खोलीत दिवे बंद करून बसलो होतो, मुलगी विचारत होती आज दिवाळी आहे का. ग्रुपवर मेसेज आला, "सांगितलं होतं ना?" दुसऱ्या दिवशी लोक झाडू घेऊन रस्त्यावर उतरले, मीही उतरले. कपडे सरकवणारी बाई आधीच तिथे होती. पण खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मी हॉर्सफर्थची भाडी पुन्हा बघितली.

संध्याकाळी कुडपणहून फोन. भावाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवले होते. तिकडे पाऊस इतका की आवाज तुटत होता.

"मला माळावर जा म्हनतीस," आजी ओरडून म्हणाली, "तू कुटं जानार?"

"इथेच आहे. तू गेलीस का माळावर?"

"गुरं गेली. मी निगाले."

मी फोन चालूच ठेवला. पावलांचा आवाज येत नव्हता, फक्त पाऊस. बऱ्याच वेळाने काकूचा आवाज आला, "आल्या गं, पाय धुतायत."