खुर्दा

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. बी.एड.ला पाठाचं टाचण काढायला शिकलो होतो, तेच आजवर उपयोगी पडतं. पानिपताचा पाठ आला की फळ्यावर १४ जानेवारी १७६१ ही तारीख लिहायची. मग एका बाजूला सदाशिवरावभाऊ, विश्वासराव. दुसऱ्या बाजूला अहमदशाह अब्दाली, नजीबखान, शुजाउद्दौला. कारणं, परिणाम, घंटा.

एका वर्षी सातवीच्या वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, इसमें हम किधर थे?”

वर्ग हसला. आम्हाला हसू आलं नाही. हा प्रश्न आम्हालाही लहानपणी छळायचा. कधी कुणी गमतीनं विचारायचं, कधी गंमत नसायची.

आम्ही लगेच इब्राहिमखान गारद्याचं नाव सांगितलं. आधी निजामाच्या चाकरीत असलेला हा सरदार भाऊंचा तोफखाना सांभाळत होता. त्याचे गारदी त्या सकाळी रोहिल्यांवर तुटून पडले. तो जखमी होऊन पकडला गेला आणि कैदेतच संपला. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दरही त्याच लढाईत जखमी होऊन मेला. मुलं खूश झाली.

घरी येताना मात्र मन खट्टू झालं. सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. पण सांगताना आमचा सूर कचेरीत दाखला पुढे करणाऱ्या माणसाचा होता. मेलेल्या इब्राहिमखानाला आम्ही जामीन म्हणून उभं केलं होतं. आणि शुजाच्या फौजेत गोसावी लढत होते, त्याच्या पदरी काशीराज पंडित होता, विश्वासरावांच्या देहाला अग्नी मिळावा म्हणून शुजानंच रदबदली केली, हे सांगायचं राहूनच गेलं.

पानिपताची बातमी पेशव्यांना सावकारी सांकेतिक भाषेत कळली, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याला हिशेब नाही, असा त्या मजकुराचा आशय. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे बाकी सगळे.

सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. हा आकडा शेवटच्या शून्यापर्यंत सांगता येतो, कारण हजेरीपट होते. फ्रान्समध्ये थिएपवाल इथं सोमच्या रणभूमीवर बेपत्ता झालेल्या बहात्तर हजारांहून अधिक जणांची नावं दगडात कोरली आहेत. पानिपताला असा दगड नाही. लढाईत आणि नंतर झालेल्या कत्तलीत मराठ्यांकडचे लाखभर जीव गेले, असं इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकर मानतात. त्यांत न लढणारेही होते, दुसऱ्या दिवशी कापले गेलेले कैदी होते. बायका-मुलं गुलाम झाली ती वेगळीच. बलुचिस्तानात डेरा बुगटीकडे आजही ‘मराठा’ म्हणवणारी माणसं आहेत. ती पानिपतच्या कैद्यांची औलाद, असं सांगितलं जातं. ती मुसलमान आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या पोरानं ‘आपण कुठे होतो’ म्हणून विचारलं, तर त्याचा मास्तर काय सांगत असेल?

पुढच्या वर्षी आम्ही टाचण बदललं. मोती आणि मोहरा फळ्यावर लिहिल्या आणि मुलांना म्हटलं, “अब खुर्दा तुम लिखो. लष्कराबरोबर आणखी कोण कोण जात असेल?”

आधी वर्ग गप्प. मग एकेक हात वर झाला. पखाल वाहणारा. हत्तीचा महात. धान्याचे बैल हाकणारा. तंबू शिवणारा. भाकरी भाजणारी. एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, हळूच म्हणाला, “नालबंद, सर. घोडों को नाल कौन मारता?” त्याचे दादा टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचे.

आम्ही ते फळ्यावर लिहिलं. त्या दिवशी ‘हम किधर थे’ असं कुणी विचारलं नाही. फळा भरून गेला होता, आणि यादीतलं कोण कुठल्या धर्माचं हे लिहायचं आमच्याही लक्षात आलं नाही.

परीक्षेत मात्र अजून तारीख आणि कारणंच विचारतात. खुर्द्याला गुण नाहीत.