लंगोट, दुपटी आणि तासाला पस्तीस रुपये

मंडळी, आजचा विषय जरा ओला आहे. आपल्या सर्वांच्या आयुष्याची सुरुवात ज्या वस्त्राने झाली, त्या लंगोटाबद्दल लिहितो आहे. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या, कॉमर्स शिकलेल्या माणसाने या विषयात का पडावं, असं कुणालाही वाटेल. कारण साधं आहे. सव्वा वर्षापूर्वी आमच्या घरी नात आली, आणि तिच्याबरोबर लंगोटाचा प्रश्न चाळीस वर्षांनी पुन्हा घरात आला.

आधी जुनं सांगतो. इंदूरला बियाबानीत आमचं भाड्याचं घर होतं. माझी धाकटी बहीण १९६० साली झाली, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. बाळंतपणाच्या महिनाभर आधी आईने ट्रंकेतून आजीची जुनी सुती लुगडी काढली. विरलेला भाग बाजूला टाकून एका नऊवारी लुगड्यात दोन डझन लंगोट सहज निघत. चौकोनी तुकडा, तिरपी घडी घालून त्रिकोण, कमरेला नाडी. उरलेल्या तुकड्यांची दुपटी आणि झबली. पहिलं झबलं नव्या कापडाचं घालायचं नाही, ही रीत आपल्या सगळ्यांच्या घरी होती. आम्हाला ती नुसती रूढी वाटायची. पण गिरणीच्या नव्या कापडाला खळ असते, ते खरखरीत असतं आणि पाणीही नीट शोषत नाही. शंभर वेळा धुतलेलं लुगडं मऊ झालेलं असतं आणि पाणी लगेच पितं. गिरण्यांच्या गावात राहून, क्लॉथ मार्केट हाकेच्या अंतरावर असून बाळासाठी जुनंच कापड का, याचं उत्तर हे.

मळलेले लंगोट वेगळ्या बादलीत जात. आधी साध्या पाण्यात खंगाळायचे, मग साबण लावून दगडावर धुवायचे आणि एक दिवसाआड बंबातलं कढत पाणी ओतायचं. तेव्हा नर्मदा इंदूरला आलेली नव्हती. नळाला पाणी बेताचंच, उन्हाळ्यात तर हातपंपावर रांग. बहिणीचे लंगोट धुवायचे म्हणून आई पहाटे चारला उठायची. पावसाळ्यात शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट पसरायचे. शेगडीत ओवा-बाळंतशेपा पडला की सगळ्या घराला तो वास. शेजारच्या माळवी मावशी त्यांना पोतडे म्हणायच्या. दिवेलागणीनंतर बाळाचा कपडा बाहेर राहिलेला दिसला की भिंतीपलीकडून ओरडायच्या, “अरे, पोतडे उठा लो!”

आमचा मुलगा झाला १९८१ साली. नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये इंदुरात आलं होतं, त्यामुळे रांगेचा त्रास थोडा कमी झालेला. मी तेव्हा एका ग्रामीण शाखेत होतो, शनिवारी रात्री यायचं आणि सोमवारी पहाटेची बस धरायची. आमच्या सौ. शाळेत शिक्षिका. दिवसाला वीस-बावीस लंगोट, खाली घालायचं मेणकापड, वर दुपटी. हे सगळं धुऊन त्या साडेदहाला शाळेत हजर असत. पुढे बाजारात नवे डायपर आले, टीव्हीवर त्यांच्या जाहिराती सुरू झाल्या, आणि आमच्या मुलीच्या दोन्ही मुलांना तेच वापरले गेले. लंगोट हा शब्द घरातून जवळजवळ गेला.

आता सूनबाई. आमची सून उज्जैनच्या मराठी घरातली, आयटीत नोकरी करणारी. सातव्या महिन्यातच तिने जाहीर केलं, “आई, बाबा, आपण बाळाला कापडी डायपर वापरू या. जमेल तेवढं सगळं नॅचरल करू या.” मला वाटलं, आमच्या सौ. खूश होतील. जुन्या पद्धती परत येत आहेत म्हटल्यावर कोणत्या सासूला आनंद होणार नाही?

सौ.नी हातातली भाजी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “अगं, नॅचरल नॅचरल काय करून राहिलीस? धुणार कोण? मी धुतलेत. दोन मुलांचे. हिवाळ्यात बोटं फुटायची माझी. तो बाजारचा डायपर आला तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं होतं. आता तू तेच धुणं परत घरात आणतेस?”

सून गप्प झाली. दोन दिवस घरात जेवणाखाणापुरतंच बोलणं. मुलगा दोघींच्या मध्ये सापडलेला. सूनबाईचं म्हणणंही खोटं नव्हतं. इंदूरचा कचरा कसा गोळा होतो हे आपण रोज बघतो. गाडी गाणं वाजवत येते आणि ओला, सुका असे वेगवेगळे डबे असतात, त्यात डायपरचा डबाही वेगळा. २०१६ च्या घनकचरा नियमांतही वापरलेले डायपर नीट गुंडाळून वेगळे द्यावेत असं सांगितलं होतं. ओल्या कचऱ्यापासून देवगुराडियाला गॅस बनतो, सुक्यातलं बरंच काही पुन्हा वापरात येतं. डायपरचं मात्र पुढे फारसं काही होऊ शकत नाही. बाहेरून प्लास्टिकचा पापुद्रा, आत लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे दाणे. हे दाणे स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतात, म्हणून बाळ कोरडं राहतं. एकदा वापरल्यावर हे सगळं एकमेकांपासून सोडवणं कठीण.

बँकेतल्या माणसाला भांडण सोडवता येत नाही, पण हिशेब करता येतो. मी वही काढली.

बाजारचे डायपर: पहिल्या वर्षी दिवसाला सात, पुढची दीड वर्षं दिवसाला पाच. महिना तीस दिवसांचा धरला तर अडीच वर्षांत ५,२२० डायपर. लहान १२ रुपयांना, मोठा १४ रुपयांना धरला, एकूण ६८,०४० रुपये.

कापडी: बटणांचे वीस, प्रत्येकी ४५० प्रमाणे ९,०००. आत घालायच्या जादा घड्या वीस, २,४०० रुपये. जुन्या साड्यांतून तीस लंगोट, शिलाई ३०० रुपये. साबण आणि वीज महिना ३०० प्रमाणे ९,०००. एकूण २०,७००.

शिल्लक ४७,३४० रुपये. मी खूश होऊन वही सौ.च्या पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि विचारलं, “धुण्याचे तास कुठे लिहिलेत?”

म्हणून तेही लिहिले. खंगाळणं, मशीन लावणं, वाळत घालणं, घड्या करणं, मिळून दिवसाला दीड तास. नऊशे दिवसांचे १,३५० तास. वाचलेल्या पैशांना त्याने भागलं तर तासाला पस्तीस रुपये पडतात. सौ. इतक्या हसल्या की सूनबाईलाही हसू आवरेना. “पस्तीस रुपयांत येईल त्या बाईला बोलवा, मी तयार आहे!”

त्या हसण्याने कोंडी फुटली. पण मला त्यातला मुद्दा फार मोठा वाटला. जमाखर्चाचा पहिला नियम, प्रत्येक नावेला एक जमा असतेच. फुकट म्हणून काही नसतं, ते कुणाच्या तरी खात्यावर पडलेलं असतं. आपल्या आई-आज्यांच्या काळातलं ‘नैसर्गिक’ संगोपन स्वस्त दिसतं, कारण त्यांचे पहाटेचे तास कोणत्याच वहीत चढले नाहीत. नव्या सुना जुन्या पद्धती आणू पाहतात तेव्हा जुन्या सासूला पहिल्यांदा आठवतं ते धुणं. तो हट्ट नसतो, अनुभव असतो.

शेवटी ठरलं असं. सौ.नी एकही लंगोट धुवायचा नाही, त्यांनी फक्त शिकवायचं. खंगाळणं आणि रात्रीचं काम मुलाकडे. मशीन सूनबाईकडे. वाळत घालणं, काढणं आणि घड्या माझ्याकडे. रात्री झोपताना आणि प्रवासात बाजारचा डायपर चालेल, त्यात कमीपणा नाही. कागदावर चौघांनी सह्या केल्या. कागद अजून फ्रिजवर आहे.

सव्वा वर्षात शिकलेल्या गोष्टी, ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांच्यासाठी:

नवा कापडी डायपर चार-पाच वेळा धुतल्याशिवाय पाणी नीट शोषत नाही. आजीच्या लुगड्याचंच तत्त्व.

कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव टाकायचं नाही. त्याचा थर बसतो आणि कापड पाणी घेईनासं होतं. साबण बेताचा, पाणी भरपूर. साबण राहिला तर बाळाच्या अंगाला खाज, आणि लघवीचा उग्र वास जात नाही.

ऊन हा सगळ्यात मोठा धोबी. पिवळे डाग ओल्या कापडावर ऊन लागलं की फिके होतात. मी गच्चीवर दोन दोऱ्या बांधल्या आहेत. सकाळी नऊला वाळत घालतो, उन्हाळ्यात बाराच्या आत सगळं कडक.

ओलं झालं की लगेच बदलायचं. पहिल्या पावसाळ्यात नातीला पुरळ आलं. डॉक्टर म्हणाले, कापडी असो की बाजारचा, ओला डायपर अंगावर राहिला की पुरळ येतं. थोडा वेळ उघडं ठेवा, हवा लागू द्या. तसं केल्यावर चार दिवसांत बरं झालं.

पर्यावरणाचंही तेच, कापड घेतलं की आपोआप पुण्य मिळत नाही. सूनबाईनेच वाचून दाखवलं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली अडीच वर्षांचा हिशेब मांडला. फेकायच्या डायपरचे कार्बन वायू सुमारे ५५० किलो, आणि धुऊन वापरायच्यांचे सरासरी ५७०! कारण तिकडे कढत पाणी आणि कपडे वाळवायचं विजेचं यंत्र. मशीन पूर्ण भरून लावलं, उघड्यावर वाळवलं आणि तेच कापड दुसऱ्या मुलाला वापरलं, तर सुमारे २०० किलो वाचतात. माळव्याचं ऊन ही आपली खरी कमाई. नर्मदेचं पाणी मात्र सत्तर किलोमीटरवरून पंपाने चढवून आणलेलं आहे, तेव्हा अर्धं मशीन लावणं आमच्या घरी गुन्हा आहे.

आणखी एक गंमत. सूनबाईने एक दिवस सांगितलं, परदेशात आता ‘एलिमिनेशन कम्युनिकेशन’ नावाची पद्धत शिकवतात, बाळाच्या खुणा ओळखून त्याला वेळेवर शी-शूला बसवायचं. सौ.नी ऐकून घेतलं, पाय लांब केले, नातीला दोन्ही पावलांच्या मध्ये बसवलं आणि “श्शू… श्शू…” केलं. पोरीने पाचव्या मिनिटाला काम उरकलं. “आम्ही याला पायावर घेणं म्हणायचो. नाव द्यायला वेळ नव्हता, इतकंच.” दूध पिऊन झाल्यावर आणि झोपेतून उठल्यावर, असं दिवसातून दोनदा हे जमलं तरी दोन लंगोट वाचतात.

जुनं म्हणून सगळंच घेतलं नाही. सहा महिने आईचं दूधच, म्हणून घुटी बंद. मध एक वर्षाच्या आत चाटवायचा नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळ नाही. धुरीही नाही, कोवळ्या फुप्फुसांना धूर नको. पाय सरळ करून घट्ट गुंडाळणंही नाही, कंबरेच्या सांध्याला ते चांगलं नसतं. यातल्या मध आणि धुरीवर सौ.चा आणि डॉक्टरांचा चांगला वाद झाला. शेवटी सौ.नी मान्य केलं, पण येताना रिक्षात म्हणाल्या, “मग तुम्ही सगळे वाढलात कसे?” मी म्हटलं, वाढले त्यांनाच हा प्रश्न विचारता येतो. माझा एक भाऊ आठ महिन्यांचा असताना गेला होता, हे त्यांना माहीत आहे. पुढे त्या काही बोलल्या नाहीत.

पंधरा महिन्यांचा ताळेबंद असा. बाजारचे डायपर माझ्या अंदाजाने २,९७० लागले असते. वहीप्रमाणे लागले ६१२. सूनबाई नवव्या महिन्यात कामावर रुजू झाली, व्यवस्था मोडली नाही. मुलगा रात्री अकराला मोरीत उभा राहून खंगाळतो. त्याची आई दारातून बघते आणि “नाडीकडचं नीट चोळ” म्हणून सूचना देते. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान मी हिशेबात धरलेलं नाही.

मुलीच्या नणंदेकडे दिवाळीत बाळ येणार आहे. आमचे वीस डायपर धुऊन, ऊन दाखवून, पिशवीत बांधून ठेवले की तिकडे जातील. सोबत सौ.च्या जुन्या माहेश्वरीतून निघालेले बारा लंगोट, आणि त्या फ्रिजवरच्या कागदाची एक प्रत. सह्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.

तुमच्याकडे, बेळगावला, बडोद्याला, ग्वाल्हेरला, हैदराबादला, लंगोटाला काय म्हणायचे? पावसाळ्यात कसे वाळवायचे? आणि मुख्य म्हणजे, धुवायचं कोण? अवश्य लिहा. नावानिशी लिहा.