रामनगरचा गुलाबी दगड आणि त्याचं वय

पुण्यात वाढलेल्या माणसाला दगड म्हटलं की काळा कातळच डोळ्यांपुढे येतो. तो जेमतेम ६.६ कोटी वर्षांचा, आमच्या धंद्यात कालचाच. पीएचडीसाठी मला मिळाला तो क्लोजपेट ग्रॅनाइट. क्लोजपेट हे बंगळूरजवळच्या रामनगरचं इंग्रजी अमदानीतलं नाव. ‘शोले’तल्या गब्बरचे डोंगर ते हेच. सुमारे ४०० किलोमीटर लांबीचा हा दक्षिणोत्तर पट्टा म्हणजे त्याहून जुन्या नाइस खडकांत घुसून जमिनीखालीच थिजलेला शिलारस.

रामदेवरबेट्टच्या डोंगरावर गिधाडांचं अभयारण्य असल्याने तिथे हातोडी चालवायची नाही. नमुना घेतला तो लांबच्या एका खाणीतून. उन्हापावसाने पिठूळ झालेला दगड कामाचा नसतो. आतला ताजा, हातोडी मारली की खणखणणारा हवा. पोतं भरताना खाणीवरचा राखणदार ‘चिन्न, चिन्न?’ असं विचारत होता. सोनं नाही म्हटल्यावर, मग एवढं ओझं कशाला, अशा नजरेने तो बघत राहिला.

ओझं लागतं ते झिरकॉनसाठी. पोतंभर दगडातून निघतो चिमूटभर, त्यातलाही बराचसा तडकलेला. पण हा स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतो आणि शिशाला जवळपास थारा देत नाही. म्हणून आज त्यात सापडणारं शिसं बहुतेक सगळं युरेनियमच्या ऱ्हासातून आलेलं असतं. शिवाय घड्याळं दोन: युरेनियम २३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम २३५ ला ७०.४ कोटी. दोन्ही एकच वेळ सांगत असतील तर आकड्यावर भरवसा ठेवायचा. सांगत नसतील, तर मधल्या काळात शिसं निसटलं असण्याची शक्यता मोठी.

दगड फोडायचा, चाळायचा, पाण्यावर धुवायचा, चुंबकाने लोहकण काढायचे, मग ब्रोमोफॉर्मसारख्या जड द्रवात टाकायचा. क्वार्ट्झ, फेल्डस्पार तरंगतात, झिरकॉन तळाशी बसतो. थोडक्यात, सुपात पाखडण्याचाच प्रकार. यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे क्रशर साफ करणं. आधीच्या नमुन्याचा एक कण जबड्यात अडकून राहिला, तर तुमच्या ग्रॅनाइटला भलताच पूर्वज चिकटतो.

वेचणी मला मनापासून आवडली. सूक्ष्मदर्शकाखाली बशीत अल्कोहोल घालून, सुईच्या टोकाने एकेक कण बाजूला सारायचा. फिकट मधाच्या रंगाचे, दोन्ही टोकांना निमुळते, केसाच्या जाडीएवढे. ढगाळ, भेगाळलेले कण टाकायचे, कारण किरणोत्साराने जाळी मोडली की शिशाला वाट मिळते. निवडलेले कण इपॉक्सीच्या चकतीत बसवून निम्म्यापर्यंत घासले आणि इलेक्ट्रॉनच्या झोताखाली धरले, तेव्हा वाढीची वलयं उजळली. काही कणांच्या पोटात मात्र वेगळाच गाभा होता: गोलसर, झिजलेला, भोवतालच्या वलयांशी न जुळणारा.

मग लेझरने ठिपके मारले, अधूनमधून वय आधीच ठाऊक असलेल्या प्रमाण-झिरकॉनवरही, यंत्र ताळ्यावर आहे ना हे पाहायला. बाहेरच्या वलयांचे आकडे २५२ कोटींच्या आसपास आले. याआधी इतरांनी काढलेलं वयही तेवढंच असल्याने हायसं वाटलं. गाभे गेले ३०० कोटींच्या घरात. वितळलेल्या जुन्या नाइसमधले हे कण शिलारसात पुरते विरघळलेच नव्हते. सगळ्यांची सरसकट सरासरी काढली असती, तर जे वय आलं असतं त्या वेळी इथे ग्रॅनाइट नव्हता आणि नाइस तर केव्हाच होऊन गेला होता. म्हणूनच दगडाचं वय सांगणाऱ्याला मी आधी विचारते, ठिपका कुठे मारला?

प्रबंधात ग्रॅनाइटचं वय म्हणून वलयांचा आकडा दिला, अधिक-उणे फरकासकट. गाभ्यांचा तक्ता वेगळा केला. मार्गदर्शक म्हणाले, तो तक्ता परिशिष्टात टाकू नकोस, मुख्य प्रकरणातच ठेव. परीक्षक आधी तोच उघडतील. उघडलाही.