आडोसा

पहिली ते चौथी मी मारुतीच्या देवळात शिकलो. गाव औसा तालुक्यातलं. तेव्हा लातूर जिल्हा झालेला नव्हता, आम्ही उस्मानाबादचे. पहिली-दुसरी पायऱ्यांच्या अंगाला, तिसरी-चौथी गाभाऱ्याच्या अंगाला आणि मध्ये गुरुजींची खुर्ची. शनिवारी तेल वाहायला माणसं येत, तेवढा वेळ आम्ही सरकून बसायचो. तिसरीत असतानाच चौथीचा शिवाजी महाराजांचा इतिहास मला तोंडपाठ झाला होता. तेवढा फायदा कबूल करतो.

देवळात शिकलेली माझ्या वयाची माणसं हमखास म्हणतात, "आमचं काय अडलं?" ज्यांचं अडलं ते हे सांगायला येतात कुठे? १९७२च्या दुष्काळात आमच्या वर्गातली किती तरी पोरं आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर गेली आणि परत आलीच नाहीत. त्याचा दोष देवळाला नाही. पण राहिलेल्यांत काही जण चौथी होऊनही अडखळत वाचत होते, आणि हे गुरुजींच्या ध्यानात आलं नव्हतं. चार इयत्तांच्या कल्लोळात कोण खरंच वाचतंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय, हे त्यांना कळणार तरी कसं?

डी.एड. करून जिल्हा परिषदेत लागलो, तर पहिली शाळा एका खोलीची निघाली. समोर पडवी, चार इयत्ता, शिक्षक दोघे. मधोमध लोखंडी कपाट आडवं लावून आम्ही खोलीच्या दोन खोल्या केल्या. कपाटाच्या पाठीला काळा रंग दिला, तोच माझा फळा. कोणी कपाट उघडलं की माझी बेरीज हलायची.

१९८७ साली खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन मोठ्या खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचं साहित्य, असा तिचा वायदा. आमच्याकडे साहित्य आधी आलं: विज्ञानपेटी, नकाशे, पृथ्वीचा गोल. खोली यायची होती. तोवर पेटी ठेवायला जागा लागली, ती वर्गातूनच गेली.

आडोशाने दिसणं थांबतं, ऐकू येणं थांबत नाही. आम्हा दोघांचं वेळापत्रक म्हणूनच विषयांपेक्षा आवाजावर बेतलेलं असायचं. "सर, तुमची कविता होऊ द्या, मग मी पाढे घेतो." पलीकडे कविता चालू असली की अलीकडे शुद्धलेखन. तपासणीला आलेल्या साहेबांना वर्ग शांत दिसला की ते खूश होत. ती शांतता पलीकडच्या कवितेची सोय म्हणून पाळलेली आहे, हे त्यांना सांगायचं आमच्या जिवावर यायचं.

मग ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीची माळवदं, त्याखाली माणसं झोपेतच गेली. त्यानंतर कित्येक महिने मी पत्र्याच्या शेडमध्ये शिकवलं. भिंत नाही याचं तेव्हा कोणाला वाईट वाटत नव्हतं. एक पोरगी तर शेडमध्येही यायची नाही, बाभळीखाली बसायची. तिला आत ओढू नका, असं तिच्या आजीने बजावलं होतं, आणि आम्ही ओढलं नाही. पाऊस आला की पत्र्यावर असा धडधडाट व्हायचा की माझं मलाच ऐकू येईना. मार्चपासून पत्रा तापायचा, मग शाळा सकाळची.

पुढे पक्क्या खोल्या झाल्या, रंगवल्या गेल्या, भिंती बोलक्या झाल्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली असावी असं लिहिलं आहे. वाचायला छान. पण शिक्षक ठरतात पटावर, साठ मुलांपर्यंत दोन. म्हणजे लहान गावातल्या शाळेत इयत्ता पाच, शिक्षक दोन, खोल्या दोन. कायदा पूर्ण पाळूनही कपाट जागच्या जागी! त्यात आमच्याकडच्या शाळा चौथीपर्यंतच्या. कायद्याने प्राथमिक म्हणजे पाचवीपर्यंत धरलं, आणि जिथे पाचवी जोडली तिथे ती बहुधा पडवीत बसली.

२०१५ नंतर साताऱ्याकडच्या कुमठे बीटच्या शाळा पाहून आलेल्या शिक्षकांनी फरशीवर संख्यारेषा रंगवल्या. मुलांनी त्यावर उड्या मारत बेरीज करायची. कल्पना मला मनापासून आवडली. आमच्या खोलीत मात्र संख्यारेषेच्या अकरापासून वीसपर्यंत दुसरी बसलेली. दहाच्या पुढे उडी मारायची तर आधी कोणाला तरी उठवावं लागे.

आता निवृत्त आहे. शाळा व्यवस्थापन समितीत 'शिक्षणतज्ज्ञ' असतो, तो मी. पद ऐकायला भारदस्त, काम बहुतेक सह्यांचं. जादा खोलीचा प्रस्ताव तालुक्याला जाऊन आला. पट घटतोय, मग खोली कशाला, असा शेरा होता. पट का घटतोय ते सकाळी आठला फाट्यावर उभं राहिलं तर दिसतं. पिवळ्या गाड्या गावातली पोरं भरून इंग्रजी शाळांकडे निघतात. एका बापाला विचारलं तर म्हणाला, "गुर्जी, तिथं प्रत्येक वर्गाला दार हाय." इंग्रजीचं त्याने नावही काढलं नाही.

शेवटी गावाने वर्गणी करायचं ठरवलं. सोयाबीनचे पैसे आले की देऊ, असं बऱ्याच जणांनी कबूल केलंय. खोली उभी राहायच्या आधीच तिच्यात कोणी बसायचं यावर वाद लागला. मुख्याध्यापक म्हणतात पाचवी. सरपंचांना तिथे संगणक हवेत, कुलूप लावता येईल म्हणून. मी पहिलीसाठी भांडतोय. पहिलीतलं मूल वाचायला लागतं ते पुटपुटत. काना चुकला की थांबतं, आपल्याकडे बघतं, परत पुटपुटतं. ते ऐकायचं तर शेजारी पाढे चालू असून भागत नाही. मागच्या बैठकीत एका आईने माझ्या बाजूने हात वर केला. तिचा मुलगा पाचवीत आहे, हे मुख्याध्यापकांनी लगेच तिच्या ध्यानात आणून दिलं. "धाकटी जूनमध्ये येतीय की," ती म्हणाली आणि हात तसाच ठेवला. ठराव पुढच्या बैठकीवर गेला आहे.