मास्तरीणबाई

राजूरच्या बाजाराच्या दिवशीं आमची ओसरी आमची राहत नाहीं. उन्हें वर येण्यापूर्वींच डोंगरांतल्या पाड्यांवरून उतरलेल्या बाया आपलीं ओझीं भिंतीशीं टेकवितात, पदरानें घाम पुसतात आणि आंत डोकावून विचारतात, "मास्तरीणबाई हायेत का घरात?" कोणाच्या हातीं सातबाऱ्याचा उतारा असतो, कोणाच्या हातीं मुलाच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज, तर कोणाच्या हातीं वनहक्काच्या दाव्यावर आलेलें, घड्यांवर फाटूं लागलेलें उत्तर. आमची मंडळी चुलीवरचें काम तसेंच टाकते, चष्मा शोधते आणि बाहेर येऊन बसते. मग दुपारपर्यंत मला चहा मिळण्याची आशा नसते.

ही मास्तरीणबाई आयुष्यांत एकाही वर्गावर उभी राहिलेली नाहीं. तीस वर्षें खडू झिजविला तो मीं. परंतु आपल्या भाषेची रीत मोठी गमतीची आहे. पाटलाची ती पाटलीण, मामलेदाराची ती मामलेदारीण, डॉक्टराची ती डॉक्टरीण. अक्षता पडतांच नवऱ्याची सनद बायकोच्या नांवावर चढते. पगार तेवढा चढत नाहीं. अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशांतही हाच प्रकार आहे. तेथें राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीला 'फर्स्ट लेडी' म्हणतात. या पदाला निवडणूक नाहीं, वेतन नाहीं आणि त्या देशाच्या राज्यघटनेंत त्याचा उल्लेखही नाहीं. म्हणजे ती साऱ्या देशाची मास्तरीणबाईच म्हणावयाची!

या उसन्या पदाचें सोनें कसें करावें हें एलिनॉर रूझवेल्ट यांनीं दाखविलें. त्यांचे पति १९२१ सालीं पायांनीं अधू झाले आणि १९३३ सालीं राष्ट्राध्यक्ष झाले. पतीला जेथें जातां येत नसे तेथें बाई जात, खाणींत उतरत, मजुरांच्या वस्त्या पाहत आणि घरीं येऊन पाहिलेलें सांगत. आपल्या वार्ताहर-बैठकांना त्यांनीं केवळ स्त्री-वार्ताहरांनाच प्रवेश ठेवला; त्यामुळें वर्तमानपत्रांना स्त्रिया नोकरीवर ठेवणें भागच पडलें. पहिल्याच वर्षीं त्यांच्याकडे सुमारें तीन लाख पत्रें आलीं, असें सांगतात. तीन लाख! आमच्या ओसरीवर पंधरा-वीस कागद येतात तर मी कुरकुरतों.

केवळ कुरकुरण्यावर थांबलों असतों तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. धान्याच्या वांटपाविषयीं पाड्यावरच्या बायांच्या तक्रारी हिनें एका अर्जांत नीट मांडून दिल्या. आठ दिवसांनीं एका कचेरींतल्या ओळखीच्या गृहस्थांनीं मला चहा पाजला आणि हंसत हंसत म्हटलें, "मास्तर, घरचा कारखाना जरा आंवरा." मला तो चहा कडू लागला. घरीं येऊन मीं हिला सांगितलें, "लोक माझ्या नांवाकडे पाहून येथें येतात. त्या नांवाला बाध येईल असें कांहीं लिहीत जाऊं नकोस." हिनें माझ्याकडे एकदां पाहिलें आणि लेखणीला टोपण लावलें. "बरं, तुम्ही म्हणता तसं," एवढेंच ती बोलली.

पुढच्या बाजाराला तिनें डोळे दुखण्याचें निमित्त सांगितलें. बाया थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. त्यांतल्या एका म्हातारीचा वनजमिनीचा दावा फेटाळला गेला होता. तिनें हातांतला कागद उलगडलाही नाहीं. तसाच कमरेला खोंचून ती उठली. अशा निकालावर अपील करावयाला साठ दिवसांची मुदत असते, हें मला ठाऊक होतें. मी आरामखुर्चींत वर्तमानपत्र वाचीत होतों. दोन महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर ती पुन्हां आली तेव्हां मुदत उलटून गेली होती.

त्या रात्रीं मला झोंप लागेना, म्हणून रमाबाई रानडे यांच्या आठवणींचें, १९१० सालीं प्रसिद्ध झालेलें तें पुस्तक मीं कपाटांतून काढलें. १८७३ सालीं लग्न झालें तेव्हां रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्यानें वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांची मुलगी करावी याबद्दल लोकांनीं त्यांना दोष दिला, आणि तो दोष खोटा नव्हता. पण लग्न होतांच त्यांनीं त्या मुलीच्या हातीं पाटी दिली. घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांनीं तिला टोमण्यांनीं भाजून काढलें, तरी ती पाटी त्यांनीं परत मागितली नाहीं. मीं तर एका चहाच्या पेल्यावर लेखणी काढून घेतली होती.

त्या पुस्तकानें आमच्याच मुलखाची एक गोष्ट मला आठवून दिली. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले तेव्हां लोकांचा सारा रोख खतपत्रांवर होता. घरांत घुसून त्यांनीं खतें मागून घेतलीं आणि जाळलीं. वाचतां न येणाऱ्या माणसाला कागदाशीं भांडण्याचा दुसरा मार्ग कोठें असतो? पुढें १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा झाला, आणि त्याच्या कामासाठीं रानडे पुणें, नगर, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांतून फिरले. या फिरतींत रमाबाईही त्यांच्याबरोबर असत. आमच्या डोंगरांत तर हें दुखणें त्याहूनही जुनें. सावकारीविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगऱ्यांना १८४८ सालींच ठाण्यास फांशी झाली होती. तेव्हांपासून आजवर राजूरच्या बाजारांत डोक्यावर ओझें आणि कमरेला न वाचलेला कागद घेऊन माणसें येतच आहेत.

वाचतां वाचतां एका गोष्टीनें मात्र मी दचकलों. रानडे १९०१ सालीं वारले. रमाबाईंचीं मोठीं कामें त्यानंतरचीं आहेत. पुण्याच्या सेवासदनाची स्थापना १९०९ ची. मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचें व्हावें म्हणून आणि मुंबई इलाख्यांत स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून त्यांनीं केलेली चळवळ त्याहूनही पुढची. एलिनॉरबाईंचेंही तेंच. पति १९४५ च्या एप्रिलमध्यें गेले, पदवी संपली; आणि ज्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यासाठीं जग त्यांचें नांव घेतें, तो त्यांच्या अध्यक्षतेखालीं तयार होऊन १० डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघानें स्वीकारला. दोघींचेही पति बायकोच्या हातीं लेखणी देणारे. तरीसुद्धां स्वतःच्या नांवाचा पूर्ण उजेड पडावयाला दोघींनाही वैधव्याची वाट पाहावी लागली. मग लेखणी काढून घेणाऱ्या नवऱ्याच्या बायकोनें किती थांबावें? माझी प्रकृति तर अद्याप ठणठणीत आहे!

सकाळीं मीं कागदांचा गठ्ठा, लेखणी आणि चष्मा ओसरीवर नेऊन ठेवला. क्षमा कशी मागावी हें आमच्या पिढीच्या नवऱ्यांना कोणी शिकविलें नाहीं. मी म्हटलें, "त्या म्हातारीला निरोप पाठव. मुदत कां गेली तें लिही. खरें कारण लिहावयास माझी हरकत नाहीं."

"तुमचं नाव येईल त्यात," ती म्हणाली.

"येऊं दे."

तिनें खरें कारण लिहिलें नाहीं. तेवढी माया तिनें राखली. पण एक बदल तिनें केला. अंगठ्याखालीं 'बकलम' लिहून लिहिणाराचें नांव घालावयाचें असतें. तेथें ती आजवर माझें नांव घालीत असे, वजन पडावें म्हणून. त्या दिवशीं तिनें आपलें स्वतःचें नांव घातलें, आणि शाई वाळेपर्यंत त्याकडे पाहत राहिली. म्हातारीच्या अर्जाचा निकाल अजून यावयाचा आहे.

गेल्या बाजारीं मी ओसरीवर एकटाच बसलों होतों. कोणी एक नवखी पोर कागद घेऊन आली, मला न्याहाळून म्हणाली, "बाईंचे मालक तुम्हीच का?"

मीं होय म्हटलें, आणि बाईंना बोलवावयाला आंत गेलों.