माळ्यावरचा टीव्ही गेम

नेवासे तालुक्यातील एका घरी माळा झाडताना धुळीने माखलेला एक जुना ‘टीव्ही गेम’ सापडला. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या यंत्राची ती स्वस्त नक्कल होती. अशा नकला १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आल्या. हे यंत्र बंद पडले तेव्हा दोघा भावांत मोठे भांडण झाले. धाकट्याने ते आपटले, असे थोरला म्हणे. थोरल्याने भलताच अडॅप्टर लावला, असे धाकटा म्हणे. दोघांचे केस पिकू लागले, तरी हा वाद काही मिटला नव्हता.

थोरल्याची मुलगी सातवीत होती. भंगारात देण्यापूर्वी यंत्र उघडून पाहू, असा हट्ट तिने धरला. वीज जोडलेली नाही याची खात्री करून बाबांनी स्क्रू सोडवले. आत एक लहानसा सर्किट बोर्ड होता आणि त्यावर वाळलेल्या डांबरासारखा एक काळा थेंब.

“एवढंच?” मुलगी हिरमुसली.

परंतु यंत्राचा मेंदू त्या थेंबाखालीच होता. थेंब फोडावा तर मेंदूही फुटतो. तेथे कुशल कारागिराचाही हात चालत नाही. त्या मेंदूला कामापुरती स्मृती असते ती अवघी २०४८ बाइटची. हा पाठ संगणकावर लिहिला तर तोदेखील तीत मावणार नाही! खेळ साठवलेला असतो तो कॅसेटमध्ये. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे आणि आत तेच ते मोजके खेळ पुनःपुन्हा येत. ती लबाडी निराळीच.

बोर्डाला कोठे तडा नव्हता, की जळल्याची खूण नव्हती. कॅसेट बसवण्याच्या खाचेतील साठ बारीक पात्या मात्र काळवंडल्या होत्या. खेळ सुरू झाला नाही की मुले कॅसेट काढून तीत फुंकर मारीत. पुन्हा बसवताना पात्या घासल्या जात व खेळ चालू होई. श्रेय मात्र फुंकरीला मिळे. वस्तुतः श्वासातील ओलाव्याने धातू हळूहळू खराबच होत असे.

“बाबा, फुंकर कोण मारायचं?”

“दोघंही,” बाबा जरा थांबून म्हणाले.

मुलीने कॅसेटची कड खोडरबराने पुसली. पुठ्ठ्याला फडके गुंडाळून, ते स्पिरिटने किंचित ओले करून तिने खाचेतून हलकेच फिरवले. सारे वाळल्यावर यंत्र टीव्हीला जोडले. तिसऱ्या खेपेस पडद्यावर चित्र उमटले. आवाज काही आला नाही. झाकण तसेच उघडे ठेवून बाबांनी पुण्याला भावाला फोन लावला.